थोरल्या आत्याचा चौथा फोटो

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसलात तर अर्धी गोष्ट कानावर येईल आणि उरलेली अर्धी तुम्ही पदरची घालाल. मग घरी जाऊन सांगाल ती तिसरीच असेल. गोष्ट साधी आहे. एका म्हातारीचा फोटो काढायचा होता, एवढंच. पण त्या ‘एवढंच’मध्ये सहा कॅमेरे, तोफेएवढी एक लेन्स, एक पांढरी चादर आणि एक सरकारी खिडकी आली. शेवटी मी एक मागणं मागणार आहे. घाबरू नका, झोळी फिरवणार नाही. नुसती आठवण मागणार आहे.

माझं दुकान आहे कॅमेरे भाड्याने देण्याचं. खाली दुकान, वर घर. गिऱ्हाईक आलं की ‘कोणता कॅमेरा हवा?’ असं मी विचारत नाही. विचारलं की माणूस सगळ्यांत मोठा मागतो. मी तीन प्रश्न विचारते. फोटो कशाचा काढायचाय? ते तुम्हाला किती जवळ येऊ देईल? आणि ते हलणार आहे का? या तीन प्रश्नांत जगातले सगळे फोटो बसतात, असं माझं मत होतं. ‘होतं’ म्हणते, ते लक्षात ठेवा.

एकदा एक गृहस्थ नातीच्या वाढदिवसासाठी पक्ष्यांची लांबलचक लेन्स मागायला आले. मी म्हटलं, “काका, नात उडते का?”

“उडत नाही हो. पण मोठी लेन्स असली की पाहुण्यांवर छाप पडते.”

पडली छाप. एवढ्या लांबच्या लेन्समध्ये नात अख्खी मावेना, म्हणून काका एकेक पाऊल मागे सरकत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोचले. प्रत्येक फोटोत नातीच्या पुढ्यात शेजारणीचं दुधाचं पातेलं आहे, आणि शेवटच्यात ते उतू गेलंय.

तर सांगायचं काय, कुठल्या कामाला काय न्यावं हे दुसऱ्याला सांगण्यात माझी हयात गेली. आणि घरातल्या घरात, एका फोटोसाठी, माझं डोकं चालेना.

फोटो माझ्या थोरल्या आत्याचा. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही, मला तिनेच वाढवलं. चौतीस वर्षं ती एका फोटो स्टुडिओत टचिंग करायला होती. तेव्हा फोटो एकदाच निघायचा. माणूस नवे कपडे घालून, केस चापून बसवून यायचा, बसायचा, जायचा; आणि फोटो धुऊन झाल्यावर कळायचं की स्वारीने नेमके डोळे मिटलेत. परत बोलवायचं तर तो बिचारा पुन्हा एवढा नटून कधी येणार? मग तो फोटो आत्याच्या टेबलावर जायचा. तीन केसांच्या कुंचल्याने ती मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायची. बुबुळ, पापणीची सावली, आणि शेवटी बुबुळात टिंबाएवढी पांढरी चमक. ती चमक ठेवली की कागदावरचा माणूस दचकून जागा व्हायचा, असं मी लहानपणी स्वतः पाहिलं आहे.

अर्ध्या गावाचे डोळे तिने उघडले, पण स्वतःचे मात्र फोटोत कधी उघडे ठेवले नाहीत. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत आत्या झोपलेली आहे. माझ्या लग्नाच्या फोटोत ती माझ्यामागे उभ्याउभ्या समाधीला बसली आहे. आम्ही दोघी कीर्तनं ऐकायला जातो तिथेही डोळे मिटूनच बसतो, पण तिथे चालतं. देवाला काही ओळखपत्राला फोटो लावायचा नसतो.

तिला मात्र आता लावायचा होता. कारण धाकट्या आत्याचा फोन आला.

धाकटी आत्या म्हणजे तिची बहीण, नऊ वर्षांनी लहान, समुद्रापार राहते. बावीस वर्षांत दोघींची गाठ नाही. धाकटी म्हणाली, “ताई, डॉक्टर म्हणतात दोन महिने. मग नुसता उजेड आणि अंधार कळेल. मला दिसतंय तोवर येऊन जा.”

थोरली म्हणाली, “अगं, रोज त्या फोनवर बघतेस की मला.”

“तुझं कपाळ बघते! आठ महिने झाले, मी तुझं कपाळ आणि घरातला पंखा बघतेय. मला तोंड बघायचंय तुझं.”

फोन ठेवून आत्याने पदर खोचला. मग मला म्हणाली, “पासपोर्टाला काय काय लागतं गं?”

सगळं होतं. जन्माचा दाखला होता, पत्त्याचा पुरावा होता. नव्हता तो उघड्या डोळ्यांचा फोटो. पहिला कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून काढला, खिडकीवरून परत आला. दुसरा मी काढला. मी! दुकानातला सगळ्यांत भारी कॅमेरा, दोन छत्र्या, दोन दिवे, चाळीस वेळा बटण दाबलं. चाळीसही वेळा आत्या झोपलेली. त्यातल्या त्यात किलकिले दिसले तो घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाई भल्या, पण नियमाला पक्क्या. चष्मा वर करून म्हणाल्या, “यांना उठवून आणा. पुढची वेळ शुक्रवार अकरा वाजता, एकला खिडकी बंद. शुक्रवार हुकला तर मग एकदम तीन महिन्यांनी.”

दोन महिने तिकडे, तीन महिने इकडे.

ही बातमी दुकानात फुटली आणि माझी तीन पक्की गिऱ्हाइकं बुधवारी दुपारी मदतीला धावून आली. आता ही तिघं कोण, ते सांगते.

पहिले माझे दीरच. विकायच्या घरांचे फोटो काढतात. वाइड लेन्स लावून न्हाणीघराचा असा फोटो काढतात की बघणाऱ्याला वाटावं, इथे दोन पंगती बसतील. प्रत्येक जाहिरातीत ‘ऐसपैस’ लिहितात, म्हणून त्यांना सगळे ऐसपैस म्हणतात. दुसरे निवृत्त शाळामास्तर. छत्तीस वर्षं पोरांना ‘श्श’ म्हणण्यात गेली, आता झुडपात बसून पाखरांचे फोटो काढतात आणि पाखरांनाही तेच म्हणतात. त्यांचं नाव ‘श्श-मास्तर’. तिसऱ्या ताई दातांच्या दवाखान्यात फोटो काढतात, उपचाराआधीचे आणि नंतरचे. त्यांच्या कॅमेऱ्याला अगदी जवळचं टिपणारी लेन्स आणि लेन्सभोवती गोल दिवा. दिवसभर ‘आ करा, आ करा’ म्हणतात, म्हणून त्या ‘आ-करा ताई’. रस्त्यात माणूस भेटला तर त्या ओळखत नाहीत. तो हसला की ओळखतात.

“वहिनी, कितीची आहे?” ऐसपैस भावजींनी आल्याआल्या विचारलं.

“काय?”

“खोली.”

“भावजी, खोलीचा नाही, आत्याचा फोटो काढायचाय.”

“पण माणूस खोलीतच असतो ना?”

मास्तर हळू आवाजात म्हणाले, “तुमचं मुळातच चुकतंय. जवळ गेलं की प्राणी बिथरतो. फोटो निघाला हे त्याला कळताच कामा नये.”

आत्या जिन्यावरून म्हणाली, “मास्तर, प्राणी कोण? मी?”

“श्श!”

आ-करा ताई तोवर तिच्याकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, “जबडा सुरेख आहे हो आत्यांचा.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर तीन तीन ओंडके चालून आले होते.

पहिली पाळी भावजींची. त्यांनी आत्याला भिंतीपाशी बसवलं, कॅमेरा तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर आणला. “आत्या, प्रशस्त बसा. एक, दोन, तीन. झालं!” आम्ही सगळे पडद्यावर वाकलो. आत्याचं नाक दाराच्या मुठीसारखं पुढे आलं होतं, कान पळून गेले होते, डोळे गच्च मिटलेले. पण मागची खोली! काय सांगू, आमची दहा बाय बाराची खोली राजाचा दरबार दिसत होती.

“विकायचं असेल तर सांगा,” भावजी म्हणाले.

“आत्याला?”

“घर हो.”

मग मास्तर. ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. हिरवट टोपी घातली, पाण्याच्या टाकीमागे आडवे झाले आणि ती तोफेएवढी लेन्स टाकीवर टेकवली. आत्याला मी गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, उगाच बस, काही नाही. अर्धा तास गेला. आणि खरंच सांगते, मास्तरांनी फत्ते केली होती! डोळे उघडे, टपोरे, एकेक पापणी मोजून घ्यावी असे. मात्र एका फोटोत आत्या डावीकडे भाजीवालीला बघतेय, दुसऱ्यात उजवीकडे मांजराला, तिसऱ्यात वर कावळ्याला. पासपोर्टला तोंड सरळ समोर हवं. मी खालून ओरडले, “आत्या, समोर बघ!” तिने समोर बघितलं, टाकीमागून आपल्यावर रोखलेली नळी बघितली आणि “अगं बाई!” म्हणून खुर्चीसकट आत पळाली. भाजीवालीने पोलिसांना बोलवायचं म्हटलं. मास्तरांना टोपी काढून, “मी शाळेत होतो हो, तुमच्या मुलीला भूगोल शिकवलाय,” असं गच्चीवरून ओरडून सांगावं लागलं. छत्तीस वर्षांत ते पहिल्यांदा ओरडले असतील.

शेवटी आ-करा ताई. “घाबरू नका, दुखणार नाही,” असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, त्यामुळे आत्या जास्तच घाबरली. गोल दिवा लागला, ताई जवळ आल्या, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “आ करा.”

आत्याने ‘आ’ केला. आणि दातांसमोर कोणी आलं की कोणता माणूस डोळे उघडे ठेवतो?

ताईंनी फोटो मोठा करून पाहिला. “डोळे नाही मिळाले. पण वरची उजवीकडची तिसरी दाढ दाखवून घ्या. किडतेय.”

तर बुधवारी संध्याकाळी आमच्या हातात एक दरबार, एक कावळा आणि एक दाढ होती.

गुरुवारी सकाळी आत्याने ट्रंक उघडली. आतून रुमालात गुंडाळलेला कुंचला निघाला, रंगाच्या वड्या निघाल्या, काजळी माखलेली बशी निघाली. “दुकान तुझं, लेन्स तुझ्या, फौज तुझी,” ती म्हणाली, “आणि शेवटी काम माझ्याच तीन केसांवर आलं. दे तू काढलेला तो फोटो.”

“आत्या, अर्जावर लिहिलंय. फोटोत बदल केलेला चालत नाही.”

“बदल कुठाय? देवाने मला डोळे दिलेत, उघडे दिलेत. तुम्हाला कोणाला पकडता आले नाहीत, मी कागदावर आणते. यात खोटं काय?”

मला उत्तर सुचलं नाही असं मी म्हणेन, पण ते खरं नाही. सुचलं होतं. मी गिळलं. धाकटीचे दोन महिने माझ्या डोळ्यांपुढे होते. निम्मं पाप करण्यात असतं आणि निम्मं गप्प बसण्यात. माझ्या वाट्याचं मी त्या सकाळी बिनबोभाट केलं.

खिडकीपाशी बसून तिने तासाभरात डोळे काढले. शेवटी तिने चमक ठेवली, आणि कागदावरची आत्या दचकून जागी झाली. मी पुन्हा आठ वर्षांची झाले.

शुक्रवारी आम्ही अकराला खिडकीशी हजर. तिन्ही वीर गाडी घेऊन बरोबर आले होते, ‘असावं हाताशी’ म्हणून गाडीत कॅमेऱ्यांपासून पांढरी चादर आणि फोटो छापायच्या पेटीपर्यंत आपापलं सामान भरून. त्यांना बाहेरच थांबवलं. सरकारी कचेरीत मास्तरांची तोफ गेली असती तर आम्ही सगळेच आत गेलो असतो.

आमचा नंबर बाराला लागला. खिडकीवरच्या बाईंनी फोटो घेतला. “वा, उठल्या वाटतं.” शिक्का उचलला. आणि तसाच धरून ठेवला. फोटो जवळ नेला, लांब धरला. मग टेबलावरच्या काचेखाली बघितलं.

“हे डोळे माझ्या ओळखीचे आहेत,” त्या म्हणाल्या.

मी हातातली कागदपत्रं उगाच सारखी करायला लागले.

काचेखाली एका म्हातारीचा जुना फोटो होता. बाईंनी तो काढून आमच्या फोटोशेजारी ठेवला. तेच बुबुळ, तीच पापणीची कड, तीच चमक. “ही माझी आजी. एवढा एकच फोटो आहे तिचा. मिचमिच्या डोळ्यांची होती म्हणे, पण फोटोत कशी सुंदर आली, असं घरात सगळे म्हणतात. आणि आज बघते तर तिचे डोळे तुम्हाला!”

शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ मान वाकवून बघायला आले. “अहो, आमच्या अण्णांचेही असेच आहेत. हॉलमधल्या फोटोत. सेम!”

रांगेतून एक बाई म्हणाली, “दाखवा बघू. अगं बाई! हे तर सासूबाईंचे!”

मी आत्याकडे पाहिलं. वाटलं, आता ही चक्कर येऊन पडणार. पण कसलं काय, तिची मान ताठ झाली होती. चौतीस वर्षं पडद्याआड बसलेल्या बाईला पहिल्यांदा कोणी ओळखलं होतं. ती म्हणाली, “उजव्या डोळ्यातली चमक जरा खाली आहे का बघा.”

बाईंनी भिंग लावलं. “आहे.”

“असणारच. माझाच हात.”

“म्हणजे हे... काढलेले आहेत?”

“सगळे काढलेले आहेत. तुमच्या आजीचे, यांच्या अण्णांचे, आणि हे माझेही.”

झालं, सगळं संपलं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, बाबा, गप्प बसायचं पाप मी केलं, तर आता हिला गप्प बसवायचं पुण्य तरी पदरात टाकायचंस.

“पण सगळ्यांचे एकसारखे कसे हो?” बाई खरोखरच विचारत होत्या.

“दुसरे येतच नाहीत मला,” आत्या म्हणाली. “कामाला लागले त्या दिवशी मालकांनी पहिला फोटो दिला, म्हणाले, उघड याचे डोळे. माझ्यासमोर कोणाचे डोळे होते? धाकटीचे. आई आजारी, म्हणून धाकटीला मीच निजवायची. ही कार्टी झोपायचीच नाही. झोपली का, झोपली का, म्हणून मी तिच्या डोळ्यांत वाकून वाकून बघायची, आणि ही टक्क जागी. तेच आले हातात. मग तेच येत राहिले.”

बाईंनी आजीच्या फोटोवर बोट ठेवलं.

“तिलाच भेटायला जायचंय,” आत्या म्हणाली. “तिचे चाललेत आता.”

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि आमचा फोटो खिडकीतून बाहेर सरकवला. “आत्याबाई, हा मला घेता येत नाही. पासपोर्ट तुमचा आणि डोळे बहिणीचे. विमानतळावर तुम्हाला अडवतील आणि तिला आत सोडतील. बारा दहा झालेत. एकला खिडकी बंद होते. मी एकच्या आत उठत नाही, आणि एकनंतर बसत नाही. जा, काढून आणा.”

“बाई, हिचे डोळे मिटतातच हो!” मी रडकुंडीला आले.

“का मिटतात पण?”

हा प्रश्न, सांगायला लाज वाटते, मी कधी विचारलाच नव्हता. कशाचा फोटो, किती जवळ, हलणार का, एवढंच विचारायची.

आत्या म्हणाली, “सवय. स्टुडिओत माझं टेबल पडद्यामागे. मालक पलीकडून ‘एक, दोन, तीन’ म्हणायचे की फ्लॅशचा तो पांढरा जाळ पडद्यावरून माझ्या डोळ्यांत. नंतर दोन मिनिटं काही दिसायचं नाही. म्हणून मी ‘तीन’ला डोळे मिटायची, आणि ‘झालं’ म्हणाले की उघडायची. बरं पडायचं.”

“काय म्हणालीस? ‘झालं’ म्हटल्यावर काय करायचीस?”

“उघडायची. मग काय दिवसभर मिटून बसू?”

मी तिचा हात धरून बाहेर धावले.

आणि बाहेर येऊन लक्षात आलं की भावजींच्या कॅमेऱ्यात नाक पुढे येतं, मास्तरांच्या लेन्सला इथून रस्त्यापलीकडे जावं लागतं, ताईंची लेन्स बरी चालली असती पण तिचा तो गोल दिवा बघताच आत्या ‘आ’ करायला लागली. कॅमेऱ्यांच्या दुकानाची मालकीण मी, आणि वेळेला हातात काय? पर्समध्ये हात घातला तर माझा जुना चपटा कॅमेरा लागला. भाड्याने कोणी घेत नाही असला. परत आलेल्या लेन्सवर चरे पडलेत का, त्याचे फोटो काढायला मी तो जवळ ठेवते. त्याने आजवर ओरखड्याशिवाय काही पाहिलं नव्हतं.

“ताई, तुमची पांढरी चादर! भावजी, स्टँड, आणि ती फोटो छापायची पेटी लावा!”

पोर्चमध्ये, सावलीच्या उजेडात चादर ताणली. एक टोक ताईंकडे, दुसरं रांगेतल्या त्या सासूबाईवालीकडे. ती नंबर सोडून बघायला आली होती. पेन्शनीला आलेले, दाखल्याला आलेले, सगळे गोळा झाले आणि जो तो सल्ला देऊ लागला. मास्तर पुढे झाले, छाती भरून म्हणाले, “श्श!” आणि अख्खी कचेरी वर्ग भरल्यासारखी गप्प झाली.

“आत्या, समोर बघ. एक. दोन. तीन.”

आत्याने डोळे गच्च मिटले. मी बटणाला हात लावला नाही. मास्तरांचं बोट अजून ओठांवरच होतं.

“झालं!” मी म्हटलं.

आत्याने डोळे उघडले. सरळ समोर, सुटल्यासारखे, स्वच्छ. क्लिक.

“अगं, झालं म्हणालीस ना?” ती म्हणाली. “मग आता काय वाजलं?”

“काही नाही. आता झालं.”

बारा बावन्नला तो चौथा फोटो खिडकीत गेला. बाईंनी भिंग लावून पाहिला. सुरकुत्या होत्या, डावा डोळा उजव्यापेक्षा लहान होता, चमक जिथे असायची तिथे होती. शिक्का पडला. असा गोड आवाज मी कीर्तनातल्या टाळांचाही ऐकला नाही, देव मला क्षमा करो.

निघताना बाई म्हणाल्या, “आत्याबाई, आजीचे खरे डोळे कसे होते, आठवतं का हो?”

आत्या थांबली. “मी तिचे मिटलेलेच पाहिले, बाई. पण शांत होते. पुष्कळांचे मिटूनही शांत नसतात.”

बाईंनी फोटो पुन्हा काचेखाली सरकवला आणि त्यावरून एकदा हात फिरवला.

आत्या बहिणीकडे गेली. दाढ दाखवून गेली, ताईंनी सोडलं नाही. जाताना तो तिसरा, नाकारलेला फोटो पिशवीत घातला. पोचल्यावर दोघींचा फोन आला. पडद्यावर अर्थातच दोन कपाळं आणि तिकडचा पंखा. धाकटीने तो फोटो डोळ्यांशी धरला होता म्हणे, नाकाला टेकेल इतका.

“पोरी,” ती मला म्हणाली, “तू भाड्याने दिलेलं सामान परत आलं की चरे बघतेस ना? तुझ्या आत्याने माझे डोळे नेले ते चौतीस वर्षं गावभर वापरले. आज परत आणून दिलेत. बघितले मी नीट. एक चरा नाही.”

दुकानात आता मी चार प्रश्न विचारते. चौथा असा की, ज्याचा फोटो काढायचाय त्याला सवय कशाची आहे? गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.

आता माझं मागणं. तुमच्या घरी भिंतीवर एखादा जुना फोटो असेल. आजीचा, काकांचा, कोणाचाही. त्यातले डोळे जरा जास्तच जागे वाटले आणि उजव्या डोळ्यातली चमक किंचित खाली असली, तर नमस्कार ज्यांना करायचा त्यांना करा. पण क्षणभर त्या पोरीचीही आठवण काढा, जी निजायला सांगितलं तरी टक्क जागी राहायची. आता तिला उजेड तेवढा कळतो. तुम्ही आठवण काढलीत तर तो जरा वाढेल, असं मी धरून चालते.